डोक्यातून उगवलेली डोलकाठी

हर्णै बंदरावर मासळी लिलावाचे फोटो काढताना मागचा पसारा नको असेल तर सरळ एफ १.८ ला (लेन्सचं छिद्र मोठं उघडून) मागचं ब्लर मारा, असं कुणीतरी म्हटलंय, पण मग हर्णैला जायचं तरी कशाला? मागे एकदा संध्याकाळच्या लिलावात एक मावशी पापलेटांची टोपली पुढे सरकवत भावावरून भांडत होत्या, हात वर, क्षण एकदम झकास, आणि घरी येऊन बघतो तर त्यांच्या डोक्यातून बोटीची डोलकाठी उगवलेली 😀 बर्स्ट मारला होता (बटण दाबून धरून सलग फोटो), पण डोलकाठी दहाही फोटोंत तिथंच! आता आधी मागची जागा बघतो, दोन पावलं डावीकडे सरकून सुवर्णदुर्ग किल्ला नि समुद्र मोकळा मिळाला की एफ ८ (छिद्र लहान, म्हणजे मागचंही स्पष्ट), शटर १/५०० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, आणि माणूस तिथं येईपर्यंत गप उभं राहायचं. मध्येच बैलगाडी आली तर ती मात्र घ्या हां.