मुलगी ब्रेस्टस्ट्रोक करते, कॉलेज सोलापुरातच आहे, पुढं नॅशनल-इंटरनॅशनलचं कसं असतं?

जुळे_सोलापूरची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी बी.कॉम. सेकंड इयरला आहे, इथंच सोलापुरात, आणि सहावीत असल्यापासून पोहते. आधी फ्रीस्टाईल करायची, मग सरांनी तिची किक बघितली आणि ब्रेस्टस्ट्रोकला टाकलं, तेव्हापासून तेच चालूय. यंदा इंटरकॉलेजला ५० आणि १०० दोन्हीला पहिली आली, १०० चा टाइम १ मिनिट २२ च्या आसपास, आणि युनिव्हर्सिटीच्या टीममधे निवड पण झालीय. घरात सगळे खूश आहेत पण बोलणी सुरू झाली की अडतं. सासरे म्हणतात पोहणं बारावीपर्यंत ठीक होतं, ज्यांना मोठं व्हायचं ते पंधरा-सोळाव्या वर्षीच होतात, ही एकोणीसची झाली, आता सीएचं बघा. मिस्टरांच्या ओळखीतले एकजण म्हणले अमेरिकेत कॉलेजं पोहणाऱ्यांना स्कॉलरशिप देतात तिकडं पाठवा. पोरगी म्हणते मला अजून दोन-तीन वर्षं मनापासून करू द्या, एवढंच. मला यातलं पाण्यात उतरण्याएवढं पण कळत नाही हो, पण तिचा पहाटेचा डबा मीच भरते आणि ती किती करते ते मी रोज बघते, म्हणून विचारतेय. इथून बाहेरच्या देशात खेळायला जायचा रस्ता नेमका कसा असतो, वय निघून गेलंय का, आणि सोलापूर सोडावंच लागतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

लेन_नंबर_चार

ताई, आधी पोरीचं अभिनंदन. मी पण सोलापूरचाच, मार्कंडेय तलावात शिकलो, युनिव्हर्सिटीकडून ब्रेस्टस्ट्रोक आणि वॉटर पोलो दोन्ही खेळलोय, आता नोकरी करतो पण उन्हाळ्यात पोरांना शिकवायला जातो. आपल्या गावाला पाण्यातल्या खेळाची परंपरा आहे हे घरच्यांना सांगा, डायव्हिंगमधल्या हृतिका श्रीराम आणि ईशा वाघमोडे आपल्या सोलापूरच्याच.

रस्ता असा आहे. इंटरकॉलेजवरून युनिव्हर्सिटी टीम, तिथून ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटी, तिथं देशभरातल्या युनिव्हर्सिट्या असतात आणि पंजाब, बेंगळुरू, चेन्नई, मुंबई-पुण्याची पोरं बघितली की आपण नेमके कुठं आहोत ते एका दिवसात कळतं. तिथं वर आलात तर खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स, २०२० ला भुवनेश्वरला सुरू झाल्या. आणि त्याच्या वर वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्स, ज्याला आधी युनिव्हर्सियाड म्हणायचे. २०२३ ला चीनमधे चेंगडूला झाल्या, २०२५ ला जर्मनीत ऱ्हाईन-रूहरला, पुढच्या २०२७ ला दक्षिण कोरियात आहेत. वयाची मर्यादा २५. म्हणजे तुमची पोरगी वयानं उशिरा नाही, कॉलेजच्या शिडीच्या पहिल्याच पायरीवर आहे. दुसरी वाट स्विमिंग फेडरेशनची, म्हणजे पोहण्याच्या संघटनेची, जिल्हा मग राज्य मग सीनियर नॅशनल, एशियन गेम्सची निवड त्या बाजूनं होते. दोन्ही वाटा एकदम चालू ठेवायच्या, एक धरली म्हणून दुसरी सुटत नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय ते हे की मेडल मोजू नका, टाइम मोजा. इंटरकॉलेजला पहिली येणं म्हणजे त्या दिवशी तिथं आलेल्यांत पहिली. बाहेरच्या देशाचं दार टाइमनं उघडतं. पॅरिस ऑलिंपिकला बायकांच्या १०० ब्रेस्टस्ट्रोकचा थेट पात्रतेचा टाइम होता १ मिनिट ६.७९, पुरुषांचा ५९.४९. हे घाबरवायला सांगत नाहीये, आकडा माहीत असला की १.२२ वरून १.१९, मग १.१७ असं ठरवून जाता येतं.

आणि तो १.२२ कुठं झाला ते पण सांगा. २५ मीटरच्या तलावात १०० ला तीन टर्न मिळतात, ५० मीटरच्या तलावात एकच. ब्रेस्टस्ट्रोकमधे टर्ननंतर पाण्याखाली जो पुलआऊट असतो, म्हणजे भिंत ढकलून हात एकदा मागं ओढून पाण्याखालूनच पुढं जायचं, तो नीट जमला तर वर पोहण्यापेक्षा वेगात जातो माणूस, त्यामुळं जास्त टर्न म्हणजे टाइम भारी दिसतो. शिवाय हातातल्या स्टॉपवॉचचा टाइम वर धरत नाहीत, ५० मीटरला टचपॅडवर, म्हणजे भिंतीवरच्या हात लागला की आपोआप टाइम घेणाऱ्या पाटीवर, मान्यताप्राप्त स्पर्धेत झालेलाच धरतात. म्हणून वर्षातून दोनदा तरी पुण्याला बालेवाडीत नाहीतर कुठंही ५० मीटरला उतरवा, मग जो आकडा येईल तो खरा.

जुळे_सोलापूरची_आई

दादा मनापासून आभार, इतकं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. तो टाइम २५ मीटरचा आहे आणि स्टॉपवॉचचाच, आत्ताच तिला विचारलं. अमेरिकेचं कुणी सांगेल का?

अक्कलकोट_रोड_ते_टेक्सास

मी सांगतो. मूळचा सोलापूरचा, इकडं येऊन बरीच वर्षं झाली, माझा मुलगा इकडच्या हायस्कूलला पोहतो म्हणून या सगळ्यात ओढला गेलो. कॉलेज स्विमिंग म्हणजे इकडं मोठं प्रस्थ आहे हे खरंय. इकडचीच लिली किंग इंडियाना युनिव्हर्सिटीत असताना कॉलेजच्या नॅशनलला चारही वर्षं १०० आणि २०० दोन्ही ब्रेस्टस्ट्रोक जिंकली आणि मधेच २०१६ ला रिओत जाऊन ऑलिंपिक गोल्ड पण घेऊन आली, १ मिनिट ४.९३ मधे. फ्रान्सचा लिओं मार्शां ॲरिझोना स्टेटमधे शिकायला होता, त्यानं पॅरिसला एकाच संध्याकाळी २०० बटरफ्लाय आणि २०० ब्रेस्टस्ट्रोक दोन्ही मारलं. बाहेरच्या देशातली पोरं इकडच्या कॉलेजातून तयार होऊन आपल्या देशाकडून खेळतात, तसं चालतं.

पण ताई दोन गोष्टी आधी माहीत पाहिजेत. इकडं कॉलेजचं पोहणं २५ यार्डाच्या तलावात होतं, म्हणजे २३ मीटरला पण थोडं कमीच, टर्न आणि पुलआऊटवर सगळा खेळ, आणि ऑलिंपिक ५० मीटरवर. लिडिया जेकबी नावाची अलास्काची पोरगी आहे, तीन हजार पण वस्ती नसलेल्या सूअर्ड गावची, तिच्या वेळी अख्ख्या अलास्का राज्यात ५० मीटरचा तलाव एकच होता. ती सतराव्या वर्षी टोकियोत १०० ब्रेस्टस्ट्रोकचं गोल्ड जिंकली. नंतर इथं युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला आली, २०२३ ला कॉलेज चॅम्पियन झाली, आणि २०२४ च्या ऑलिंपिक ट्रायल्सला तिसरी आली, दोघीच जातात, त्यामुळं पॅरिसला गेलीच नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मोठं कॉलेज मिळालं म्हणजे पुढचं आपोआप होतं असं नाही, आणि छोट्या गावात राहून पण होतं.

दुसरी गोष्ट नियमाची. इकडं पहिल्या डिव्हिजनला, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या गटात, पाच वर्षांच्या आत चार सीझन खेळता येतात आणि ते घड्याळ जगातल्या कुठल्याही कॉलेजात फुल टाइम नाव घातलं की सुरू होतं. तुमच्या मुलीचं सुरू झालंय. कोच लोकं आधी टाइमच विचारतात आणि १.२२ वर पैसे देणारं कॉलेज मिळणं अवघड आहे, स्पष्टच सांगतो. अर्धी स्कॉलरशिप मिळाली तरी उरलेला खर्च आपल्या सोलापूरच्या घरांना झेपेल असा नसतो. माझं मत विचाराल तर बी.कॉम. तिथंच पूर्ण करू द्या, टाइम उतरला तर पुढच्या शिक्षणाच्या वेळी बघता येईल.

पाण्यातली_फिजिओ

मी पुण्याला असते, पोहणाऱ्या मुलामुलींचे गुडघे आणि खांदे हेच माझं काम, माहेर बार्शीचं. वरच्या दोघांनी छान लिहिलंय, मला वयाबद्दल लिहायचंय कारण पंधरा-सोळाचं जे सासरे म्हणतात ते ऐकून ऐकून मी थकलेय. ब्रेस्टस्ट्रोक हा चारही स्ट्रोकमधला सगळ्यात हट्टी स्ट्रोक आहे, ताकदीपेक्षा टायमिंग, म्हणजे किक, हात आणि ग्लाइड कधी जुळतं ते, आणि ते जुळायला वर्षं जातात.

दक्षिण आफ्रिकेची तात्याना स्कूनमाकर बघा, लग्नानंतर स्मिथ. अमेरिकेला गेली नाही, घराजवळ प्रिटोरिया युनिव्हर्सिटीत बी.कॉम. केलं, हो बी.कॉम.च, आणि तिथंच ट्रेनिंग. २०१६ ला रिओची संधी थोडक्यात हुकली. २०१८ ला कॉमनवेल्थला दोन गोल्ड, २०१९ ला नेपल्सच्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्सला १०० आणि २०० दोन्ही गोल्ड, आणि मग टोकियोत २०० ला २ मिनिटं १८.९५ चा विश्वविक्रम, तेव्हा ती चोवीसची होती. पॅरिसला सत्ताविसाव्या वर्षी १०० चं गोल्ड. तिच्याच देशाची पेनी हेन्स आधी नेब्रास्काला शिकायला जाऊन १९९६ ला दोन्ही ब्रेस्टस्ट्रोक जिंकली होती. एक गेली, एक राहिली, दोघी पोचल्या. आणि अमेरिकेचाच निक फिंक, पहिलं ऑलिंपिक अठ्ठाविसाव्या वर्षी, पॅरिसला एकतिसाव्या वर्षी फुल टाइम इंजिनिअरची नोकरी करत करत १०० ला सिल्व्हर, ब्रिटनच्या ॲडम पीटीच्या बरोबरीनं ५९.०५, आणि गोल्ड फक्त दोन शतांश सेकंदानं पुढं. सासऱ्यांना हे वाचून दाखवा.

आता गुडघ्याचं. ब्रेस्टस्ट्रोकच्या किकमधे पाऊल बाहेर वळवून पाय फेकतो, त्यात गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर ताण येतो, ब्रेस्टस्ट्रोकर्स नी म्हणतात याला आणि फार कॉमन आहे. अंतर एकदम वाढवलं, वॉर्मअप न करता किकचे सेट मारले, कंबरेचा सांधा आखडलेला असला की सगळं गुडघ्यावर येतं. तिला विचारा आतल्या बाजूला दुखतं का, मुली सांगत नाहीत, टीममधून काढतील या भीतीनं. दुखत असेल तर पोहणं बंद करायची गरज नसते, किक कमी करून हातांचं काम वाढवायचं आणि जमिनीवर कंबर-मांडीचे व्यायाम. आणि जेवण बघा, पहाटे रिकाम्या पोटी दोन तास आणि मग थेट कॉलेज असं चालणार नाही, निदान शेंगदाण्याचा लाडू, केळं, काहीतरी पोटात जाऊ द्या.

लेन_नंबर_चार

मॅडम, लाख बोललात. अजून एक सांगायचं राहिलं, आपल्या भारताच्या ब्रेस्टस्ट्रोकचं. संदीप सेजवाल दिल्लीचा, २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला १०० आणि २०० पोहला तेव्हा लहान होता, पण मेडल आलं २०१४ ला इंचॉन एशियन गेम्समधे ५० मीटरला ब्राँझ, २८.२६ सेकंद. मधली सहा वर्षं लोकांनी काय काय म्हणलं असेल त्याला, तरी टिकला. आपल्या बाजूचा वीरधवल खाडे कोल्हापूरचा, त्याचं मेडल २०१० ला ग्वांगझूला ५० बटरफ्लायला, आणि दोघंही बेंगळुरूला निहार अमीन सरांकडं तयार झाले. तर ताई सोलापूर सोडावं लागतं का याचं माझं उत्तर असं की आत्ता नाही, पण टाइम १.१७-१.१८ च्या खाली ५० मीटरला आला की मग मोठ्या सेंटरला जायचा विचार करावाच लागेल, रोज ५० मीटरचं पाणी आणि बरोबरीचं कुणीतरी शेजारच्या लेनमधे पाहिजे. एकटं पोहून टाइम एका ठिकाणी अडकतो, मी अडकलो होतो त्याचं कारण तेच.

आणि ५० सोडू नका. आत्तापर्यंत ऑलिंपिकला ब्रेस्टस्ट्रोकचं ५० नव्हतंच, २०२८ ला लॉस एंजेलिसपासून येतंय. आपल्याकडच्या पोरापोरींना ५० मधे जास्त वाव आहे असं मला वाटतं, लांब अंतराला लागणारं रोजचं पाणी आपल्याकडं कमी, पण स्टार्ट आणि पुलआऊट छोट्या तलावात पण घासून करता येतो.

नियमाचं पण, टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत, एक हात आधी लागला की डिस्क्वालिफाय, आणि पुलआऊटला बटरफ्लाय किक एकच. लोकलला जज बघत नाहीत म्हणून पोरं दोन मारतात आणि ऑल इंडियाला गेल्यावर बाद होतात. वर्षाची मेहनत जाते हो. आत्तापासून सवय लावा.

जुळे_सोलापूरची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार. तिला सगळं वाचायला दिलं, डाव्या गुडघ्याच्या आत दुखतंय असं आज पहिल्यांदा बोलली. फिजिओ ताई, तुम्हाला मेसेज केलाय, पुण्याला कधी आणू ते सांगा, म्हणजे त्याच फेरीत बालेवाडीला ५० मीटरचा टाइम पण लावून घेऊ. सासऱ्यांनी निक फिंकचं दोनदा वाचलं आणि नोकरी करून कसं काय जमतं म्हणून विचारत होते. सीएचा फॉर्म पण भरतोय आम्ही, दोन्ही करीन म्हणते.

पाण्यातली_फिजिओ

मेसेज बघितला. आणाच, पण त्याच दिवशी टाइम लावू नका, आधी गुडघा बघू दे मला, टाइम दुसऱ्या दिवशी सकाळी. तोपर्यंत किकबोर्डवर ब्रेस्टस्ट्रोक किक पूर्ण बंद, पायात पुलबॉय, म्हणजे मांड्यांमधे धरायचा फोमचा तुकडा, घालून हातांचं काम करू दे, आणि येताना सरांनी दिलेलं आठवड्याचं शेड्यूल लिहून आणा, किती मीटर आणि त्यातली किक किती ते.