मदत हवी आहे: घरी बोने (गजाने) रियाज करण्यासाठी आटोपशीर इलेक्ट्रिक डबल बेस कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांब आहे. थोडक्यात विचारला की लोक ॲम्पबद्दल (ॲम्प्लिफायर) बोलायला लागतात आणि मला ॲम्प नकोच आहे. म्हणून सगळं नीट लिहिते.

मी म्हापशाला राहते, बँकेत नोकरी करते. लहानपणी व्हायोलिन शिकले होते. पाच वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या चर्चच्या वाद्यवृंदात डबल बेस वाजवणारे काका थकले. ‘तुला बो धरता येतो, उंचीही आहे, इकडे ये’ असं म्हणून सरांनी मला त्या भल्यामोठ्या वाद्यामागे उभं केलं. पोर्तुगीजमध्ये त्याला रबेकांव म्हणतात आणि सर अजून तेच नाव वापरतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मोतेत ही भक्तिगीतं गायली जातात. तेव्हा वर व्हायोलिन आणि क्लॅरिनेट चालू असताना खाली धरून ठेवलेला बेसचा एक लांब सूर सगळ्यांना उचलून धरतो. तो सूर पहिल्यांदा माझ्या हातून लागला, त्या दिवसापासून मी व्हायोलिनची पेटी उघडलेली नाही.

अडचण रियाजाची आहे. बेस चर्चमध्ये असतो आणि मला आठवड्यातून दोनदाच मिळतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यांची झोप फार सावध आहे. खालच्या घरात तान्हं बाळ आहे. मला वेळ मिळतो तो रात्री साडेनऊनंतर नाहीतर पहाटे. खरा बेस घरी आणला तरी उपयोग नाही. सर्वांत खालची ई तार ४१ हर्ट्झवर वाजते. तिची हवेतली लाट आठ मीटरांहून लांब असते, तिला पडदे आणि गाद्या काय अडवणार? शिवाय वाद्य ज्या दांड्यावर उभं राहतं त्यातून कंपनं थेट लादीत उतरतात. घोडीवर (तारा ज्यावर टेकतात तो उभा तुकडा) आवाज दाबणारा रबरी म्यूट लावून एकदा पाहिलं. वरचा आवाज दबला, पण खालची घरघर तशीच राहिली.

म्हणून आवाजपेटी नसलेला किंवा अगदी लहान असलेला, हेडफोन लावून वाजवायचा बेस शोधते आहे. पण इंटरनेटवर जे सापडतं ते बहुतेक बोटांनी वाजवणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. त्यांना तारा खाली हव्या असतात, गळा बारीक हवा असतो, सूर लांब टिकायला हवा असतो. मला पिझिकाटो (बोटांनी तार छेडणं) महिन्यातून एखाद्या गाण्याला लागतो. बाकी सगळा बोच.

पर्वरीला एका ओळखीच्यांकडे असं एक स्वस्तातलं वाद्य होतं. मोठ्या आशेने गेले. अर्ध्या तासात कळलं की त्यावर माझा रियाज होणार नाही. घोडी जवळजवळ सपाट होती. डी तारेवर जरा जोर दिला की बो ए किंवा जी तारेलाही घासायचा. मधल्या दोन तारा एकेकट्या वाजवायच्या तर श्वास रोखून, हलक्या हाताने वाजवाव्या लागत. कंबरही (धडाचा मधला आत वळलेला भाग) नव्हती, त्यामुळे ई तारेवर गेलं की बो सरळ लाकडावर आपटायचा. तिसरी गोष्ट माझ्या आधी लक्षातच आली नव्हती. वाद्य तिवईवर घट्ट उभं होतं. चर्चमधला बेस माझ्या अंगावर रेलतो, त्याच्या पाठीला माझा डावा गुडघा असतो आणि उजव्या हाताचं वजन तारेवर पडलं की वाद्य किंचित फिरून त्याला उत्तर देतं. तिवईवरचं वाद्य असं काहीच करत नव्हतं. मी जोर लावत होते आणि खांदा दुखत होता.

त्या दिवसापासून मी असं ठरवलं आहे: तारांची लांबी खऱ्या ३/४ (मोठ्यांच्या नेहमीच्या मापाच्या) बेसएवढीच हवी, म्हणजे साधारण १०४ ते १०७ सेंटिमीटर. ‘आटोपशीर’ म्हणजे धड लहान असलं तरी चालेल, पण बोटांमधलं अंतर बदललेलं चालणार नाही. रविवारी चर्चमध्ये सूर चुकेल तो माझा चुकेल. आमच्या बेसवर डाव्या हाताचा अंगठा गळ्याच्या टाचेला (गळा धडाला मिळतो तो जाड भाग) टेकला की जी तारेवर पहिलं बोट डी स्वरावर पडतं. माझी निम्मी सुरेलता त्या टाचेवर उभी आहे. काही इलेक्ट्रिक वाद्यांना ती टाचच नसते, सरळ काठी असते. तुमच्यापैकी कोणाला त्याची सवय झाली का? आणि परत खऱ्या बेसवर गेल्यावर हात गोंधळतो का?

मॉडेलं पाहिली ती अशी. यामाहाच्या सायलेंट बेसला खऱ्यासारखी टाच आहे, काढता-घालता येणारे खांद्याचे आकार आहेत आणि खाली दांडाही आहे. नेड स्टाइनबर्गर यांच्या एनएस डिझाइनच्या एनएक्सटी आणि सीआर या मालिकांमध्ये बो आणि बोटं यांच्यासाठी पिकअपची (तारेची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा भाग) दिशा बदलणारं बटण आहे. ते वाचून फार बरं वाटलं, कारण तिथे कोणीतरी बोवाल्यांचा विचार केलेला दिसतो. त्यांच्यासाठी तिवईऐवजी दांडा वेगळा मिळतो. स्टॅगचा ३/४ आवाक्यातला आहे, त्यात हेडफोनची सोयही आहे. माझं बजेट एक लाख, फार ओढून-ताणून सव्वा लाख. नवा यामाहा किंवा सीआर त्यात बसत नाही. वापरलेला घ्यावा की स्वस्तातला नवा घेऊन घोडी आणि तारा बदलून घ्याव्यात, इथे अडले आहे.

आणखी एक, गोव्याच्या हवेचं. पावसाळ्यात आमच्या बेसच्या एका कडेचा सांधा सुटला होता. सरसाचा जोड दमट हवेत मऊ पडतो. बोचे केस ढिले पडतात, पेटीला बुरशी येते. मी बो ज्या कपाटात ठेवते तिथे जूनपासून बारीक दिवा लावून ठेवते, जुन्या घरांत रेशमी लुगड्यांसाठी ठेवत तसा. इलेक्ट्रिक वाद्याचे जोड सुटणार नाहीत हे समजतं, पण समुद्राच्या खाऱ्या हवेने पिकअप आणि जॅकचं (प्लग लावायची जागा) काय होतं?

कृपया बो वाजवणाऱ्यांनी लिहा. बोटांनी वाजवणाऱ्यांनीही लिहा, पण तसं सांगून.

प्रतिसाद १ (पुणे)

ताई, मी ऑर्केस्ट्रात बो वाजवतो आणि घरी नऊ वर्षं इलेक्ट्रिक बेसवर रियाज करतो. तुमची निरीक्षणं बरोबर आहेत, त्यात भर घालतो.

बोने तार आडवी हलते, बोटांनी वाजवताना तिच्या हलण्यात उभा भागही बराच असतो. घोडीखालचा पिझो (कंपनांच्या दाबाने वीज निर्माण करणारा) पिकअप ज्या दिशेने जास्त संवेदनशील असेल तसा आवाज येतो. म्हणून बोटांनी गोड वाटणारं वाद्य बोने कधीकधी नाकातून बोलल्यासारखं, चिरकं वाटतं. ते दिशेचं बटण यासाठीच आहे. बटण नसेल तरी निराश होऊ नका. अर्धा दोष बहुतेक वेळा वाद्यात नसतो, पुढच्या जोडणीत असतो. पिझोला पुढे खूप मोठा इनपुट इम्पीडन्स (विद्युत रोध) लागतो, १ मेगाओहम किंवा त्याहून जास्त. लोक त्याची वायर सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावतात, तिथे दहा-वीस हजार ओहमच असतात. मग नेमका खालचा आवाज गळून जातो आणि वर राळेची (बोच्या केसांना लावतात ती) खरखर उरते. वाद्यात प्रीअँप (संकेत आधीच वाढवणारं सर्किट) असेल तर प्रश्न नाही. नसेल तर ऑडिओ इंटरफेसच्या (वाद्य संगणकाला जोडणारी पेटी) ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुटला लावा. आवाज संगणकातून फिरवून ऐकू नका, डायरेक्ट मॉनिटरिंग चालू ठेवा. बोची सुरुवात आणि कानातला आवाज यांत किंचितही अंतर पडलं तर हात बिघडतो.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे घ्या. मोबाइलबरोबरच्या बारीक इअरफोनमध्ये ई तारेचा मूळ स्वर जवळजवळ नसतोच, त्याच्या वरच्या सप्तकातला स्वर ऐकून आपण समाधान मानतो. आवाज मात्र कमी ठेवा. बोच्या लांब स्वरांनी कान लवकर थकतात.

तारांवर कंजूषी नको. स्पायरोकोर बोटांनी वाजवायला उत्तम, पण बोला हट्टी. फ्लेक्सोकोर किंवा ओरिजिनल फ्लॅट-क्रोम बोला लगेच बोलतात. दोन्हीकडे जायचं असेल तर हेलिकोर हायब्रिड. आणि पॉप्स या नावाची राळ गोव्यात मेमध्ये उन्हात ठेवू नका, ती वितळून डबीचा आकार घेते. गरम हवेत जरा कडक राळ बरी.

प्रतिसाद २ (कुडाळ)

मी तंबोरे आणि हार्मोनियम दुरुस्त करतो, बेस वाजवत नाही. पण घोडीबद्दल सांगतो. घोडी लाकडाची आणि सुटी असेल तर तिची कमान नव्याने कापता येते. पिकअप घोडीतच चिकटवलेला असेल किंवा घोडी धातूची असेल तर हात लावू नका. दुसरं, फक्त घोडी गोल करून भागत नाही. फिंगरबोर्ड (बोटं दाबायची पट्टी) सपाट असेल आणि घोडी गोल केली तर मधल्या तारा पट्टीपासून फार उंच जातात आणि डाव्या हाताचे हाल होतात. आधी पट्टीची गोलाई बघा, मग घोडीची. खाऱ्या हवेसाठी वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसायच्या. राळेची पूड तारेवर राहिली की ओल धरते. प्लग महिन्यातून एकदा चार-पाच वेळा आतबाहेर करायचा, म्हणजे त्यावर थर बसत नाही.

प्रतिसाद ३ (बेळगाव)

मी बोटांनी वाजवतो, आधीच सांगतो. सरळ काठीसारख्या गळ्याची सवय मला महिनाभरात झाली. टाच नसली तरी बाजूला ठिपके असतात, त्यावरून जागा सापडतात.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. बेळगावकर, ठिपक्यांचा तोडगा समजला, पण चर्चच्या माळ्यावर अंधार असतो आणि माझी नजर सरांकडे असते. मला जागा हातालाच कळायला हवी, म्हणून टाच असलेलं वाद्य पहिल्या पसंतीला ठेवते.

कुडाळच्या दादांनी सांगितलेलं वाचून काल चर्चमध्ये गेले आणि जाड पुठ्ठ्यावर आमच्या घोडीची कमान पेन्सिलीने उतरवून कापून घेतली. फिंगरबोर्डच्या शेवटच्या टोकाचीही तशीच. तारांची उंचीही मोजली, त्या टोकाशी जी तार ६ मिलिमीटर आणि ई तार ९. सरांनी विचारलं काय चाललंय, सांगितल्यावर ते स्वतः मोजपट्टी धरून उभे राहिले. आता कुठलंही वाद्य बघायला गेले की हे दोन पुठ्ठे बरोबर असतील.

मुंबईला एका वादकाकडे वापरलेला यामाहा आहे असं कळलं आहे. किंमत सव्वा लाखाच्या जरा वर सांगताहेत, बोलून बघते. शनिवारी रात्री कोकणकन्येने निघेन, रविवारी बघून सोमवारी मांडवीने परत. बाजूचे आकार काढले तर वाद्य बर्थवर माझ्या शेजारी मावेल असा अंदाज आहे.

तिथे काय काय तपासायचं त्याची मनाशी उजळणी केली आहे. डी तारेवर पूर्ण जोराने बो ओढून शेजारची तार वाजते का. ई आणि जी तारेवर टोकापासून मुठीपर्यंत बो कुठे आपटतो का. दांड्यावर उभं करून गुडघा लागतो का. हेडफोन काढून, प्लग न लावता, बंद दाराबाहेर किती ऐकू येतं, कारण बोचा घासण्याचा आवाज तरी येणारच आणि सासूबाईंची खोली भिंतीपलीकडे आहे. शेवटी मोबाइलवर तंबोरा पांढरी दोनमध्ये (म्हणजे डी सुरात) लावून मोकळ्या डी तारेवर दहा मिनिटं नुसता लांब सूर. आमच्या घरी आजोबा पहाटे खर्ज लावत, त्याच पद्धतीने मी रोज सुरुवात करते. त्या दहा मिनिटांत वाद्य आपलं वाटतं की नाही ते कळेल.

पुण्याच्या दादांना एकच विचारायचं राहिलं. बघायला जाताना माझा बो न्यावा की त्यांचाच वापरावा? माझ्या बोचे केस सध्या पावसाने सैल आहेत आणि चांगलं वाद्य त्यामुळे मला वाईट वाटेल अशी भीती आहे. गुरुवारपर्यंत सांगितलंत तर बरं होईल, म्हणजे केस बदलायचे तर मध्ये दोन दिवस मिळतील.