पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन, हातात १२ आठवडे: पोहताना ५० मीटरलाच दम लागतो

आरंभी७५०
नमस्कार मंडळी. १२ आठवड्यांनी पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन करायची आहे: ७५० मीटर पोहणं (तळ्यात), २० किमी सायकल आणि ५ किमी धावणं. ५ किमी न थांबता धावता येतं, सायकलवर दीड तास बसायची सवय आहे. अडतंय ते पोहण्यात. २५ मीटरच्या तलावात फ्रीस्टाइलच्या दोन लॅप झाल्या की दम लागतो आणि काठ धरावा लागतो. सायकल सरळ हँडलची हायब्रिड आहे. आठवड्याला सहा तास देता येतील. एवढ्यात जमेल का? रोड बाइक घ्यायलाच हवी का? आणि पोहून झाल्यावर कपडे कधी बदलायचे?

निळंपाणी
जमेल. ५ किमी सलग धावणाऱ्याचा स्टॅमिना ७५० मीटर पोहायला पुरून उरतो. ५० मीटरला दम लागतोय, म्हणजे श्वास सोडण्यात घोळ आहे. चेहरा पाण्यात असताना श्वास रोखला जातो. मग तोंड बाहेर आलं की त्या अर्ध्या सेकंदात आधी हवा सोडायची आणि नंतर घ्यायची अशी दोन कामं येतात. जुनी हवा पूर्ण बाहेर जातच नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव गुदमरल्यासारखा होतो. म्हणून चेहरा पाण्यात गेला की लगेच नाकातोंडातून बुडबुडे सुरू करा, मान वळवण्याआधी उरलेली हवा जोरात फुंकून टाका आणि तोंड बाहेर आलं की फक्त श्वास घ्या. श्वास घेताना डोकं उचलू नका, नुसतं बाजूला वळवा. गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे. डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, आणि मग अर्धी ताकद बुडणारे पाय ओढण्यातच जाते.

पायही शांत ठेवा. मांड्यांचे स्नायू मोठे, त्यांना ऑक्सिजन भरपूर लागतो आणि त्या मानाने ते पुढे फारसं ढकलत नाहीत. शिवाय तेच पाय पुढे सायकलला लागणार आहेत.

आठवड्यातून तीनदा, ४०-४० मिनिटं पोहा. एकदाच दोन तास पोहून तंत्र बसत नाही. पहिले तीन आठवडे २५ मीटर × १६, प्रत्येक लॅपनंतर ३० सेकंद थांबा. चौथ्यापासून ५० × १०, मध्ये २० सेकंद. सातव्यापासून १०० × ८, मध्ये १५ सेकंद. दहाव्या आठवड्यात सलग ८०० मीटर. या सगळ्यात विश्रांती कमी करत न्यायची, वेग वाढवायच्या मागे लागायचं नाही. एखाद्या दिवशी श्वास बिघडला तर मागच्या टप्प्यावर परत जा, त्यात काही बिघडत नाही.

आता तळं. २५ मीटरच्या तलावात ७५० मीटरला २९ वेळा भिंत मिळते. प्रत्येक वेळी पायाने ढकलून दोन-तीन मीटर फुकट मिळतात आणि हातांना क्षणभर आराम मिळतो. तळ्यात ते नाही आणि तळाची रेघही नाही. दर ६ ते ८ हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढून, मगरीसारखे, बोय (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) कुठे आहे ते पाहायचं आणि त्याच ओघात मान वळवून श्वास घ्यायचा. हे आधी तलावात शिका. स्पर्धेपूर्वी निदान तीन-चारदा खुल्या पाण्यात उतरा. एकट्याने कधीही नाही, आणि कमरेला भडक रंगाचा फ्लोट बांधूनच.

स्पर्धेच्या दिवशी मागे आणि कडेला उभे राहा. पाणी थंड असेल तर सुरुवातीआधी चेहरा आणि मान भिजवून दोन-तीन मिनिटं हळू पोहा. थंड पाण्याचा पहिला धक्का श्वास उथळ करतो, तो तिथेच ओसरू द्या. पहिले १०० मीटर मुद्दाम संथ. तरीही घाबरायला झालं तर उताणे व्हा किंवा ब्रेस्टस्ट्रोक मारा. कोणताही स्ट्रोक चालतो. बचाव पथकाची कयाक धरून थांबायलाही सहसा परवानगी असते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

साखळीतेल
हायब्रिड पुरेशी आहे. पहिली स्पर्धा पार पडण्याआधी सायकल बदलू नका. जाड खाचांचे टायर असतील तर गुळगुळीत टायर घाला, फरक लगेच जाणवेल. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं हवीत. उघडी नळी पडल्यावर अंगात घुसू शकते, म्हणून तपासणीत अशी सायकल अडवतात.

सीटची उंची पाहा. पॅडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की हवा तेवढा बाक आपोआप येतो. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर सीट उंच आहे, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा खाली आहे. एका वेळी ५ मिलीमीटरच हलवा.

पंक्चरचा सराव घरी बसून तीनदा तरी करा. मागचं चाक काढण्याआधी साखळी सगळ्यात लहान चकतीवर आणा. ट्यूब काढली की टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा. काटा किंवा काच तिथेच रुतलेली असते आणि ती न काढता नवी ट्यूब घातली तर थोड्याच अंतरात पुन्हा बसते. नव्या ट्यूबमध्ये गोल होईल एवढीच हवा आधी भरा, म्हणजे पीळ पडत नाही. टायर शेवटी अंगठ्यांनी चढवा, लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) ट्यूब चिमटते. पूर्ण हवा भरण्याआधी टायर दोन्ही बाजूंनी दाबून ट्यूब रिमखाली कुठे डोकावत नाही ना, ते पाहून घ्या. एक ट्यूब, दोन लिव्हर आणि छोटा पंप सीटखालच्या पिशवीत ठेवा.

हौशी गटात दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवणं, म्हणजे ड्राफ्टिंग, बहुतेक ठिकाणी बंद असतं. अंतर साधारण १० ते १२ मीटर ठेवायचं असतं. नेमका आकडा आणि ओलांडायला मिळणारे सेकंद त्या स्पर्धेच्या नियमावलीत वाचा. इअरफोनही चालत नाहीत.

क्लिपचे पॅडल (ज्यात खास बूट अडकतात) आताच लावून घ्या असं सुचवेन, १२ आठवड्यांत सवय होते.

टीटू
क्लिपच्या बाबतीत माझं मत उलट आहे. साध्या पॅडलवर धावायचेच बूट घालून सायकल चालवली तर एकदा बूट बदलणं वाचतं, आणि माउंट लाइनवर, म्हणजे सायकलवर बसायच्या रेषेवर, गर्दीत अडकून पडण्याची भीती राहत नाही. २० किमीत क्लिपने मिळणारा फायदा नवख्यासाठी किरकोळ आहे. बुटांना लवचिक लेस मात्र घाला.

कपडे बदलायचेच नाहीत. ट्रायसूट, म्हणजे तिन्ही प्रकारांत चालणारा अंगाबरोबरचा पोशाख, घालूनच पोहायचं, तोच शेवटपर्यंत. काखेत, मानेला आणि मांड्यांच्या आत पेट्रोलियम जेली लावा. वेळ नोंदवणारी टायमिंग चिप डाव्या घोट्याला बांधा, साखळी उजवीकडे असते. गॉगल लावून त्यावर टोपी घाला, कोणाची लाथ लागली तरी निघून जात नाही.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना सामान बदलायच्या जागी, सायकल हलक्या गिअरवर ठेवा. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर सोडलेले, चष्मा त्यात. खाली छोटा टॉवेल, त्यावर बूट आणि नंबरचा पट्टा. पाण्यातून आल्यावर ओळी मोजत आपल्या जागी जा. शेजारच्या सायकलची खूण धरू नका, ती तोवर निघून गेलेली असेल. आधी हेल्मेट घालून बक्कल लावायचं, मगच सायकलला हात लावायचा. परत आल्यावर सायकल रॅकला लागेपर्यंत बक्कल उघडायचं नाही. नवख्यांचा दंड सगळ्यात जास्त इथेच होतो. नंबर सायकलवर पाठीला, धावताना पोटावर.

आरंभी७५०
मनापासून आभार. श्वास सोडण्याचं उद्याच करून पाहतो. सहा तासांची वाटणी कशी करू? आणि सायकलनंतर धावताना पाय लाकडासारखे होतात असं ऐकलंय.

टीटू
होतात, पहिला एक-दीड किलोमीटर. त्याहून मोठा धोका म्हणजे वेगाचा अंदाज चुकणं. इतका वेळ ताशी २५ किमीने आल्यावर स्वतःचं धावणं रांगल्यासारखं वाटतं, माणूस नकळत जोरात सुटतो आणि तिसऱ्या किलोमीटरला चालायला लागतो. पहिला किलोमीटर तुमच्या नेहमीच्या ५ किमीच्या वेगापेक्षा १५-२० सेकंद हळू, पावलं आखूड आणि भरभर. सायकलच्या शेवटच्या दोन किलोमीटरला एक गिअर हलका करा. यासाठी चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला एका सायकलिंगनंतर लगेच १०-१५ मिनिटं धावा, यालाच ब्रिक म्हणतात.

वाटणी: पोहणं दोन तास, सायकल दोनदा मिळून अडीच तास, त्यातली एक राइड दीड तासाची, धावणं दोनदा, अधिक ब्रिक, मिळून दीड तास. यातलं बहुतेक सगळं सलग वाक्य बोलता येईल अशा जोराने. कठीण सराव आठवड्यात दोनच. दर चौथ्या आठवड्याला एक तृतीयांश कमी करा. शेवटच्या आठवड्यात अर्ध्यावर या, पण थोडे वेगवान तुकडे राहू द्या.

खाण्याचं थोडक्यात. सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी नेहमीचाच हलका नाश्ता, तेल-तूप आणि चोथा कमी. सायकलवर ५०० ते ७५० मिलीलीटरची बाटली, तिच्यात ३० ते ६० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ, पहिल्या १५ किमीतच संपवा. नंतर प्यायलेलं धावताना पोटात हेलकावत राहतं. हीच बाटली ब्रिकच्या दिवशी आधी चारदा तरी पिऊन पाहा, कारण कोणाच्या पोटाला किती साखर झेपते ते पोहून-सायकल चालवून आल्यावरच कळतं.