अणुकचरा काचेत कोंडला, पण पुढे काय?

बोईसरकर: जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की गाडी "कचऱ्याचं काय?" इथे अडते. प्रश्न रास्त आहे, पण त्याला उत्तरच नाही हे खरं नाही. वापरलेलं इंधन काही वर्षं पाण्याच्या कुंडात निवतं. मग त्यातून युरेनियम, प्लुटोनियम काढून घेतात. उरलेला जहाल आम्लयुक्त द्रव भट्टीत बोरोसिलिकेट (उष्णतेला टिकणाऱ्या) काचेत मुरवतात. किरणोत्सारी अणू काचेच्या रचनेचाच भाग होतात, त्यामुळे पाणी लागलं तरी फार सावकाश सुटतात. तारापूरला काचेचे सीलबंद स्टीलचे डबे जमिनीखालच्या कोठारात हवेच्या नैसर्गिक प्रवाहावर थंड राहतात. वीज गेली म्हणून काही अडत नाही. कचऱ्यापायी अणुवीज नाकारणं मला पटत नाही.

राजापूरची लेक: कोठार म्हणजे विल्हेवाट नव्हे! कचऱ्यातल्या सीझियम-१३७ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ३० वर्षं; ते तीनशे वर्षांत हजाराव्या हिश्शावर येईल. प्लुटोनियम-२३९ चं २४ हजार वर्षं, आणि ते काढून घेतलं तरी थोडं काचेत राहतंच. असा कचरा कायमचा पुरायला आपल्याकडे एकही खोल भूगर्भीय जागा तयार नाही. जर्मनीत 'आस्से' नावाच्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात अणुकचऱ्याची सव्वा लाख पिंपं टाकली. १९८८ पासून तिथे खारं पाणी झिरपतंय. आता ती वर काढायची म्हणतात, खर्च जनतेच्या माथी.

जुना भट्टीवाला: ताई, ती पिंपं कमी आणि मध्यम तीव्रतेच्या कचऱ्याची होती, काच नव्हे. जागाही जुनी, पोखरलेली खाण. आपल्याकडे काचेचं सगळं काम जाड काँक्रीटच्या भिंतीआड चालतं. शिशाच्या पिवळसर काचेतून बघत, यांत्रिक हातांनी डबा सरळ धरायचा, झाकण वेल्ड करायचं, वेल्ड तपासायचा. आणि पुरायचंच तर फिनलंडचं ओन्कालो हे भूगर्भातलं कोठार बघा: चारशे मीटरहून खोल खडक, तांब्याचे डबे, भोवती बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती.

राजापूरची लेक: फिनलंडचंच घ्या. तिथल्या कायद्यात गावाला नकाराधिकार आहे. ओन्कालो जिथे आहे त्या एउरायोकीच्या परिषदेने २००० साली होकार दिला, मगच काम पुढे सरकलं. जैतापूर प्रकल्पात जमिनी गेलेल्या आमच्या माडबनला तो अधिकार कुठे होता? जमिनी गेल्या त्या भूसंपादनाच्या नोटिशीने.

बोईसरकर: नकाराधिकाराची मागणी मला शंभर टक्के मान्य. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी, पोफरणची गावं उठली, ते आम्ही बघितलंय. पण तो राग सरकारवर काढा, काचेवर नको.

राजापूरची लेक: काच कोठारात राखणार तेच सरकार ना? मग आधी लेखी द्या: कायमची जागा कुठली, आणि तिथल्या ग्रामसभेने नाही म्हटलं तर काय.