पार्टिकल बोर्डाच्या कपाटाचे ड्रॉवर अडकतात : मदत हवी आहे

सुटे भाग जोडून उभ्या केलेल्या पार्टिकल बोर्डाच्या (लाकडाचा भुसा व डिंक दाबून केलेल्या फळ्यांच्या) कपाटातील खालचे दोन ड्रॉवर पावसाळा लागल्यापासून रिकामे असतानाही निम्म्यावर अडकतात. ड्रॉवर ज्यांवरून सरकतात ते चॅनल, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, प्लास्टिकच्या चाकांचे आहेत. कपाट लेव्हलमध्ये आहे, मागचा हार्डबोर्ड काटकोन तपासून पुन्हा ठोकला आहे, चॅनल पुसून चाकेही साफ केली आहेत; तरीही ड्रॉवरच्या उजव्या फळीची लॅमिनेट नसलेली खालची कड फुगल्याचे बोटाला स्पष्ट जाणवते आणि चॅनलसाठी लागणारी १२.५ मिलिमीटरची फट तिथे उरलेली नाही. कड घासली तर ओल अधिक शिरेल आणि स्क्रू काढून पुन्हा आवळले तर भोकांत भुसा होऊन पकडच जाईल, ही माझी खरी काळजी आहे. कपाट बदलणे सध्या शक्य नाही. तेव्हा पाऊस संपून बोर्ड वाळेपर्यंत थांबावे, की आत्ताच कड पॉलिश पेपरने घासून तिला वॉर्निश द्यावे आणि जुनी भोके फेविकॉल व लाकडी काड्यांनी भरून चॅनल पुन्हा बसवावा?