मादागास्करला मोफत नेत्र शिबिरासाठी जायचंय, माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातून मी मागच्या वर्षी नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मी डॉक्टर नाही. चष्म्याचा नंबर काढणं, डोळ्याचं प्रेशर बघणं, ए-स्कॅन करून आत बसवायच्या लेन्सचा नंबर ठरवणं, ऑपरेशननंतर पट्टी सोडणं, ही माझी कामं. मॉरिशसमधलं एक मराठी कुटुंब आमच्या घरोब्याचं आहे. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांचा एक गट शेजारच्या मादागास्करमध्ये मोफत शिबिरं घेतो. जुलैत दहा दिवस तुम्हीही चला म्हणतात. तिकीट आपलं, राहण्याजेवणाची सोय त्यांची. जायची फार इच्छा आहे, पण काही गोष्टी कळल्याशिवाय हो म्हणवत नाही.

सगळ्यात मोठा प्रश्न हा, की आपण परत आल्यावर त्या पेशंटकडे बघतं कोण?

का विचारते ते सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा आपल्याकडेही शाळेच्या वर्गात मोतीबिंदूची ऑपरेशनं व्हायची. अशाच एका शिबिरात दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडल्या, सगळे खुशीत, बाहेरून आलेली टीम गाडीत बसून गेली. चार दिवसांनी एक आजी आमच्याकडे आल्या. पदरानं डोळा टिपत होत्या. पापणी सुजलेली, डोळा लालभडक, आणि बॅटरी मारली तर बुबुळाच्या खालच्या कडेला पुवाची पांढरी रेघ. लगेच जिल्ह्याला पाठवलं, पण डोळा गेला. दोन दिवसांपासून ठणकत होतं म्हणाल्या, पण दाखवायचं कुणाला हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढे शाळेतली ऑपरेशनं बंद झाली, पेशंटना मोठ्या रुग्णालयात न्यायला लागले, ते बरंच झालं.

आपल्याकडे निदान एसटी होती. मादागास्कर महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, रस्ते खराब, लोक खच्चून भरलेल्या टॅक्सी-ब्रूसनं (तिथलं वडाप) नाहीतर पायी येतात. तिथले सर्जन बिनटाक्याचं छोट्या छेदाचं ऑपरेशन करतात. त्याला महागडं मशीन लागत नाही, दहा-पंधरा मिनिटांत होतं, आणि लेन्सही आता स्वस्त आहेत. मदुराईच्या ऑरोलॅबनं 1992 पासून त्या इथेच बनवायला घेतल्या. तेव्हा ऑपरेशन होईल, याची मला चिंता नाही. पण दुसरा दिवस, आठवडा आणि महिना, या तीन तपासण्या कोण करणार? तिथे किंवा अशाच एखाद्या बेटावर काम केलेलं कुणी असेल तर सांगा, आयोजकांना नेमकं काय विचारू? आणि दिवसाला शंभर डोळे तपासण्यापेक्षा तिथल्याच दोन मुलींना नंबर काढायला आणि लाल डोळा ओळखायला शिकवलं तर जास्त उपयोग होईल, असं मला वाटतं. असं कुणी करून पाहिलंय का?

दुसरं चष्म्यांचं. मी जाणार हे कळल्यापासून गल्लीतले लोक जुने चष्मे आणून देतायत. मन मोडवत नाही, पण एका पिशवीतले चाळीस तपासले तर निम्म्यांवर ओरखडे, आणि उरलेल्यांत दोन्ही काचांना वेगवेगळे नंबर आणि सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर. दुसऱ्याच्या डोळ्याला ते कसे लागायचे? त्यापेक्षा एक ते तीन नंबरच्या तयार चाळिशी घ्याव्यात असा विचार आहे. तिथे तिन्ही त्रिकाळ भात असतो म्हणे. तांदळातले खडे दिसेनासे झालेल्या बाईला दोन नंबरची चाळिशी दिली की ती त्याच दिवसापासून ताट घेऊन निवडायला बसते, हे मी आपल्याकडे कितीदा पाहिलंय. असे दोन-तीनशे चष्मे आणि बाहुली मोठी करायचे थेंब विमानातून नेताना कस्टमला कोणते कागद लागतात? तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी प्रत्येकाची वेगळी काढतात की गटाची?

घरून एक काळजी आहे. 2017 साली तिथे प्लेगची मोठी साथ आली होती, ते यांनी कुठेतरी वाचलंय. मलेरियाच्या गोळ्या कोणत्या आणि किती दिवस आधी सुरू करायच्या? राजधानी अंतानानारिव्हो उंचावर आहे आणि जुलैत तिथे हिवाळा, म्हणून स्वेटर काढून ठेवलाय.

शेवटचं भाषेचं. तिथे मालागासी आणि फ्रेंच चालते, मला दोन्ही येत नाहीत. मोबाईलवरून थोडं शिकतेय. डोळ्याला मासू म्हणतात आणि सूर्याला मासुआंद्रू, म्हणजे दिवसाचा डोळा. हे कळलं तेव्हा किती वेळ तोच शब्द घोळवत बसले होते. वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या 'ई'चा तक्ता हाताच्या खुणेनं वाचून घेता येईल. वर बघा, खाली बघा, तेही खुणेनं जमेल. पण दोन वाक्यं मला नीट बोलता यायलाच हवीत. कुणाला मालागासी येत असेल, किंवा येणारं कुणी ओळखीचं असेल, तर देवनागरीत लिहून द्या, पेशंटना द्यायच्या चिठ्ठ्या छापून घेताना त्या भाषेतलं स्पेलिंग मी तिथल्या लोकांकडून तपासून घेईन:

"डोळा चोळू नका."
"दुखायला लागलं तर त्याच दिवशी या, उद्यावर टाकू नका."