अमिगा १२०० मध्ये अजूनही फिरणारी हार्डडिस्क लावायची? माझं मत: अजिबात नको

खटपट्या
परवा परत एकाने विचारलं की अमिगा १२०० (कमोडोरचा जुना घरगुती कॉम्प्युटर) साठी त्या काळातली अडीच इंची हार्डडिस्क शोधतोय, कुठली घेऊ. म्हणून म्हटलं एकदाच काय ते स्पष्ट लिहावं. कुठलीच घेऊ नका. सीएफ कार्ड (कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड) घ्या, ४४ पिनी अ‍ॅडाप्टर घ्या, आणि मोकळे व्हा.

मशीन आलं १९९२ साली. त्याच्या बरोबरीच्या डिस्का आता तिशी ओलांडून बसल्यात, बेअरिंगमधलं वंगण सुकलंय, काहींचे हेड प्लॅटरला चिकटलेत, चालू केलं की नुसतं टक् टक् टक्. एखादी आज चालली तरी उद्याचा काय भरवसा? सीएफ कार्डाला मुळातच आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) बोलता येतं, ट्रू आयडीई मोड म्हणतात तो, त्यामुळे अ‍ॅडाप्टरवर डोकं चालवणारी चिप वगैरे काही नसते, इकडच्या तारा तिकडे नेल्या की झालं. आवाज नाही, कीबोर्डखाली गरम होत नाही, वीज नगण्य लागते. आणि वेगाचं म्हणाल तर १२०० च्या आयडीई पोर्टला डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेणं) नाहीच, सगळी ओढाताण प्रोसेसरच करतो, पीआयओ मोड ० (प्रोसेसरमार्फतच्या पद्धतीचा सगळ्यात हळू प्रकार) ची कागदोपत्री मर्यादाच सेकंदाला ३.३ एमबी, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. म्हणजे डिस्क कितीही भारी आणा, दार तेवढंच अरुंद. फरक पडतो तो फक्त शोधाशोधीच्या वेळेत, आणि तिथे कार्डाला हेड हलवावंच लागत नाही. शेकडो आयकॉनवाला ड्रॉवर (म्हणजे फोल्डर) उघडून बघा, लगेच कळेल.

जुनाट
असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत. फिरणारी डिस्क म्हणजे १९९२ चीच हे तुम्हाला कोणी सांगितलं? लॅपटॉपसाठी ४४ पिनी डिस्का पुढे २००० नंतरही कितीतरी वर्षं बनत होत्या, त्यातली नंतरच्या काळातली, कमी चाललेली घ्या ना. त्या शांतही असतात.

दुसरं म्हणजे डिस्क मरताना सांगून मरते. आवाज बदलतो, एखादी फाइल वाचायला तीनदा प्रयत्न करते, बॅड सेक्टर दिसायला लागतात, तेवढ्यात तुम्ही माल हलवून घेता. कार्ड? काल रात्री चालू होतं, आज सकाळी दिसतच नाही, विषय संपला. वर बाजारात नकली सीएफचा सुळसुळाट, लेबल एक आणि आत भलतंच काही. कॅमेऱ्यासाठी बनवलेलं कार्ड मोठमोठे फोटो सलग लिहायला असतं हो, बारीक बारीक फाइली दिवसभर खोडून परत लिहायला नाही.

आणि हो, मला तो घरघर आवाज आवडतो. हसायचं तर हसा. वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप) लोड होताना मशीन काम करतंय हे कानाला कळतं.

खटपट्या
आवाजावर वाद नाही घालत, ती आवड झाली. पण "सांगून मरते" हे काही पटलं नाही. हेड चिकटलेली डिस्क कुठे सांगते? बॅकअप दोन्हीकडे घ्यायचाच असतो, फक्त कार्डाचा घेणं पोरखेळ आहे. बाहेर काढा, रीडरमध्ये घाला, अख्ख्या कार्डाची इमेज पीसीवर. डिस्कसाठी आधी अख्खी १२०० उघडा, केबल उपटा, त्यात ते जुने प्लास्टिकचे क्लिप तुटतात ते वेगळंच. आणि दिवसभर बारीक फाइली कोण लिहितंय अमिगावर? आपण गेम लोड करतो, वाचणंच जास्त. कार्ड झिजायच्या आधी मदरबोर्डचे कपॅसिटर गळतील.

सहज डोकावलो
तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडताय राव. लोकांचा डेटा जातो तो डिस्क फिरते म्हणून नाही आणि फिरत नाही म्हणूनही नाही, तो जातो पार्टिशन चुकीचं केल्यामुळे.

किकस्टार्ट (मशीन सुरू करणारी चिपमधली सिस्टिम) ३.० किंवा ३.१ रॉम असेल तर ड्राइव्हर आणि एफएफएस (अमिगाची नेहमीची फाइलसिस्टिम) दोन्ही ३२ बिटात बाइट मोजतात, म्हणजे ४ जीबीच्या पुढचं त्यांना दिसत नाही. आणि पुढे लिहायला गेलात तर एरर येत नाही हो, आकडा फिरून शून्यावर येतो आणि लिहिणं चालू होतं डिस्कच्या सुरुवातीला, जिथे आरडीबी म्हणजे पार्टिशनची सगळी माहिती ठेवलेली असते. पहिले काही महिने सगळं गोड चालतं कारण डिस्क भरलेलीच नसते. मग एक दिवस मशीन बूटच होत नाही आणि माणूस शिव्या घालतो कार्डाला. आजकाल ४ जीबीचं कार्ड शोधायला जावं लागतं, सहज मिळतं ते ३२ चं, आणि नवखा माणूस अख्खं ३२ एकाच पार्टिशनला देऊन टाकतो. एकतर सगळी पार्टिशनं पहिल्या ४ जीबीत बसवा आणि उरलेली जागा तशीच रिकामी सोडा, नाहीतर २०१८ चं ३.१.४ किंवा २०२१ चं ३.२ घ्या रॉमसकट, त्यात ही भानगड मिटलीय.

दुसरं मॅक्सट्रान्सफर, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती डेटा हलवायचा ती किंमत. आयडीईच्या एका कमांडमध्ये किती सेक्टर हवेत ते सांगायला आठच बिट असतात, २५६ हवे असतील तर शून्य लिहायचं, आणि काही कार्डं नि काही डिस्का सुद्धा त्या शून्याचा अर्थ आपल्या मनाने लावतात. लक्षण अगदी ठरलेलं: छोट्या फाइली एकदम व्यवस्थित, मोठी एलएचए (झिपसारखी दाबलेली फाइल) उघडायला घेतली की सीआरसी (डेटा जुळत नसल्याची) एरर, मोठं चित्र उघडलं की अर्ध्यातून खाली कचरा. एचडीटूलबॉक्समध्ये (अमिगावर पार्टिशन करायचं साधन) प्रत्येक पार्टिशनला ही किंमत हेक्समध्ये १एफई०० ठेवायची, म्हणजे २५५ सेक्टर गुणिले ५१२ बाइट. प्रत्येक पार्टिशनला, नुसत्या पहिल्याला नाही. हे न करता कार्ड वाईट की डिस्क वाईट ठरवणाऱ्यांचं मत मी तरी धरत नाही.

जुनाट
बरोबर आहे हे, पण बघा, या दोन्ही भानगडी जास्त करून कार्डवाल्यांच्याच मागे लागतात. माझी २ जीबीची जुनी डिस्क, एफएफएस, डीफॉल्ट सेटिंग, कधी कुरकुर नाही.

सहज डोकावलो
आणि लिहिणं चालू असताना वीज गेली तर? एफएफएस परत चालू झाल्यावर व्हॅलिडेट करत बसतं, आणि ते नाही जमलं की पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं. एफएफएसऐवजी पीएफएस३ ही फाइलसिस्टिम टाका, जुनी माहिती जागेवर ठेवून नवी बाजूला लिहितं आणि शेवटी एकदम अदलाबदल करतं, त्याला व्हॅलिडेशनच नाही. आरडीबीत फाइलसिस्टिम टाकली की त्यावरून बूटही होतं. फिरणाऱ्या डिस्कवर पण चालतं बरं का, तुमच्यासाठी सांगतोय.

स्कझीवाला
सगळं जग १२०० चंच आहे असं धरून चाललेत सगळे. अमिगा ५०० वाल्यांनी काय करायचं? ५०० ला बाहेरून जोडायच्या ए५९० डिस्क युनिटमधली मूळ २० एमबीची डिस्क एक्सटी जातीची, आठ बिटी. ४० पिनी केबल बघून लोक फसतात आणि सीएफ अ‍ॅडाप्टर लावायला जातात, ते तिथे चालत नाही म्हणजे नाही. तिथे स्कझीच (डिस्क जोडायची दुसरी पद्धत), आणि ब्लूस्कझी किंवा स्कझी२एसडी असलं काहीतरी, म्हणजे परत कार्डच पण वेगळ्या वाटेने. आयडी (साखळीतला उपकरणाचा नंबर) दुसऱ्या कुणाचा नको, साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन (टोक बंद करणारे रोधक) आणि मधे कुठेही नको. आणि त्यावरून थेट बूट करायचं तर किकस्टार्ट १.३ तरी हवं.

अमिगा ६०० वाल्यांनी पण आधी रॉम बघा. ३७.२९९ आवृत्ती असेल तर आयडीईच ओळखणार नाही, कार्ड लावा नाहीतर सोन्याची डिस्क लावा. ३७.३५० शोधा किंवा सरळ ३.१ टाका.

नुकताच आलेला
एसडी कार्डाचं आयडीई अ‍ॅडाप्टर मिळतं की, ते का नाही सुचवत कुणी? सीएफपेक्षा एसडी ढिगाने मिळतात.

खटपट्या
मिळतं, पण त्यात मधे भाषांतर करणारी चिप असते आणि ती सगळ्यांशी सारखी वागत नाही. मित्राकडचं पीसीवर मस्त चालायचं, १२०० वर कधी दिसायचं कधी नाही. चाललं तर उत्तम, पण पहिल्यांदाच जोडत असाल तर हा ताप नको. काय बिघडलंय तेच कळत नाही मग.

आणि रीडरमध्ये कार्ड घालून विनयूएईने (पीसीवर अमिगा चालवणारा एमुलेटर) तयार करत असाल तर विंडोज विचारेल डिस्क इनिशियलाइझ करू का. नाही म्हणायचं! हो म्हटलंत की ते आपली सही पहिल्या सेक्टरमध्ये ठोकतं आणि तिथे बहुतेक वेळा तुमची आरडीबी असते.

जुनाट
बघा, नको नको म्हणत यादी लांबत चालली. डिस्कला यातलं काय लागतं? वर्कबेंच इन्स्टॉलच्या फ्लॉपी घाला, मशीनवरच पार्टिशन करा, झालं. फक्त ४४ पिनी कनेक्टर नीट लावा एवढं लक्षात ठेवा. त्याला खाच नसते, एक ओळ सरकून बसला तरी हाताला कळत नाही, आणि शेवटच्या पिनांमध्ये ५ व्होल्ट आहेत, म्हणजे सरकला तर वीज भलत्याच पिनेत. टॉर्च मारून दोन्ही टोकं मोजूनच मग स्विच दाबा. पहिली पिन बोर्डवर कुठे लिहिलीय ते आधी बघा, लाल कडेची तार तिकडे.

खटपट्या
हे मात्र कार्डालाही लागू, शब्दशः. पण एक सांगा, तुमची डिस्क थंड मशीनवर पहिल्या फटक्यात दिसते का? बऱ्याच डिस्का वेग घेईपर्यंत रॉमचं बघून झालेलं असतं आणि तो फ्लॉपी घाला म्हणणारं चित्र घेऊन बसतो समोर.

जुनाट
कंट्रोल-अमिगा-अमिगा दाबायचं, दुसऱ्यांदा दिसते. तेवढं मला चालतं.

स्कझीवाला
५०० च्या आयडीईबद्दल कुणी काही बोललंच नाही अजून. असो, ए५९० चा वेगळा धागा काढतो, तिथे सीएफवाल्यांनी येऊ नये.